बाळंतपणाची पिशवी भरताना ब्लेड घरीच ठेवा

पत्र

"मी पलूस तालुक्यात राहते. वय २६, पहिलंच बाळंतपण, चौतिसावा आठवडा चालू आहे. मिरजेला एका दवाखान्यात नाव घातलंय. तिथून सोबत काय काय आणायचं याचा कागद मिळाला. त्यात बाळाच्या दुपट्यांच्या खाली 'शेव्हिंग करून येणे' असं छापलंय. पोटामुळे खालचं काही दिसत नाही, म्हणून चार दिवसांपूर्वी केस काढायची क्रीम लावली. आग आग झाली, कातडी लाल झाली, अजून लघवीला झोंबतं. सासूबाईंनी अँटिसेप्टिकच्या पाण्यानं धुवायला सांगितलं, त्यानं आणखीच झोंबलं. त्या म्हणतात, 'आमच्या वेळी मावशीच ब्लेड फिरवायच्या, कुणाला काय झालं न्हाई.' पुण्याची मावसबहीण म्हणते, तिला दवाखान्यात कुणी विचारलंसुद्धा नाही. आता पार्लरची बाई घरी येऊन वॅक्स करते म्हणतेय. केस ठेवून गेले तर डॉक्टर ओरडतील का? टाके पिकतील का? मिस्टर मदत करतो म्हणतात, पण मला कसंतरीच वाटतं."

उत्तर

ताई, आज जे झोंबतंय त्याचं आधी बघू, कागदाचं नंतर.

केस काढायच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट जातीचं रसायन असतं. ते केसातलं केरॅटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, मऊ करून तोडतं. हे काम पाच-दहा मिनिटांत व्हावं म्हणून क्रीम चुन्याच्या निवळीसारखी तिखट ठेवलेली असते. बऱ्याच क्रीममध्ये चुनाच असतो. आता गंमत अशी, की आपल्या कातडीचा वरचा थरही केरॅटिनचाच. पोटरीवर तो जाड असतो, म्हणून तिथं निभावतं. योनीच्या ओठांची आतली बाजू पातळ आणि ओलसर, त्यात गरोदरपणात तिथला रक्तपुरवठा वाढलेला. क्रीम तिथपर्यंत ओघळली की भाजतं. पोटामुळे दिसत नसताना ती ओघळणारच, तुमची चूक काही नाही. क्रीम लागल्या लागल्या पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार सोडायची असते. ती वेळ आता गेली.

आता एवढंच करा. साबण, अँटिसेप्टिक, इंटिमेट वॉश, हळद, सगळं बंद. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं धुवायचं, मऊ सुती कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. वरून साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. लघवी करताना तांब्यानं वरून पाणी सोडत राहा, लघवी पातळ होऊन लागत नाही. सैल सुती चड्डी, रात्री तीही नको. मेडिकलमधून खाजेची ट्यूब मागून आणू नका. त्यातल्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि जांघेत नायटा असेल तर तो त्यानं दबून पसरतो. आठवडाभरात कातडी बरी व्हायला हवी. पाणी भरलेले फोड आले, कातडी सुटली, पू किंवा घाण वास आला, ताप आला, तर वाट बघू नका. आणि बारीक दुखऱ्या फोडांचा झुबका एकाच जागी दिसला तर तो क्रीमचा भाजलेपणा नसून नागिणीसारख्या विषाणूचा, हर्पिसचाही असू शकतो. ते बाळंतपणाच्या आधी डॉक्टरांना कळणं फार गरजेचं असतं, लाजू नका.

आता कागद. नॉर्मल बाळंतपणासाठी केस काढायची गरज नाही, अगदी स्पष्ट नाही. केस ठेवून गेल्यानं टाके पिकत नाहीत. पिकायची भीती ब्लेडमुळेच जास्त.

ब्लेड केसासोबत कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतं. डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक चरे पडतात. त्या जागी घाम, ओल आणि घर्षण बारा महिने, त्यात शौचाची वाट बोटभर अंतरावर. चऱ्यांमधून जंतू केसाच्या मुळाशी शिरतात आणि केसतोड होतो. बहुतेक वेळा तो आपोआप बसतो. पण बाळंतपणाच्या तोंडावर त्याच जागी टाके पडणार असतील, तर केसतोडासारखा वाईट शेजारी नाही. शेव्हिंग आणि कळा यांत जितके तास जास्त जातात, तितका जंतूंना वेळ जास्त. म्हणजे 'घरूनच करून या' ही सूचना सगळ्यात वाईट. आदल्या आठवड्यात केलेलं शेव्हिंग दवाखान्यात पोचेपर्यंत खुंट आणि पुरळ होऊन बसतं.

हे काही नवं फॅड नाही. १९२२ मध्येच अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ३८९ बाळंतिणींत आळीपाळीनं एकीचे केस वस्तऱ्यानं काढून, एकीचे नुसते छाटून बघितलं. नुसते छाटलेल्या बायकांना जास्त ताप आला, असं काही दिसलं नाही. पुढे अशा तीन चाचण्या एकत्र करून १,०३९ बायकांचा हिशेब मांडला गेला, त्यातही शेव्हिंगचा फायदा सापडला नाही. सापडलं काय, तर खाज, लाली, आग. इतर ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास कॅनडातला, १९७३ साली छापलेला, २३,६४९ जखमांचा. ब्लेडनं केस काढलेल्यांत शंभरातल्या २.३ जखमा पिकल्या, कात्रीनं बारीक केलेल्यांत १.७, आणि केसांना हातच न लावलेल्यांत ०.९. म्हणजे वस्तऱ्याचा आकडा बिनवस्तऱ्याच्या अडीचपट.

मग ही चाल आली कुठून? घरातून नाही, दवाखान्यातून. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रसूतिगृहांत बाळंतज्वरानं बायका पटापट मरायच्या. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसनं दाखवून दिलं, की डॉक्टरांचे हात क्लोरिनच्या पाण्यात धुतले की मृत्यू एकदम घटतात. त्यानंतर 'घाण कुठे आहे' याचा शोध सुरू झाला, आणि डॉक्टरांच्या हातांइतकाच बाईच्या अंगावरही संशय गेला. केस म्हणजे घाण, उवा, जंतू. विसाव्या शतकात बाळंतपणं दवाखान्यात आली तशी शेव्हिंग आणि एनिमा ही दाखल होतानाची जोडगोळीच झाली. आपल्याकडे दवाखान्यांनी ती जशीच्या तशी उचलली. तुमच्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी तो नियमच होता आणि बहुतेकींना खरोखरच काही झालं नाही. ज्यांना केसतोड झाला, त्यांनी तो गुपचूप सोसला. असली तक्रार कुणी कुणाला सांगायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या परिषदेत सांगितलं, की बाळंतपणाआधी शेव्हिंगला आणि एनिमाला काही कारण नाही. १९९६ मध्ये या दोन्ही गोष्टी 'अपायकारक किंवा निरुपयोगी, बंद कराव्यात' अशा यादीत टाकल्या. २०१८ च्या मार्गदर्शिकेतही तेच आहे. तरी तुमच्या कागदावर ती ओळ का? आमचा अंदाज साधा आहे: असा कागद एकदा टाइप झाला की वर्षानुवर्षं त्याचीच झेरॉक्स निघत राहते. डॉक्टरांनी तो कदाचित पाच वर्षांत वाचलाही नसेल.

एक युक्तिवाद मात्र तुम्हाला ऐकायला मिळेल, "टाके घालताना केस मध्ये येतात." खाली कापून टाके घालायची वेळ आलीच, तर तो छेद योनीच्या मागच्या कडेपासून तिरका जातो. तिथं केस मुळात विरळ असतात. जे येतात ते बाजूला सारता येतात, फारच लांब असतील तर सिस्टर कात्रीनं दोन-चार छाटतात. आणि तो छेदही प्रत्येकीला सरसकट द्यायचा नसतो, हे त्याच २०१८ च्या मार्गदर्शिकेत आहे.

सीझरचं गणित थोडं वेगळं आहे, ते नीट समजून घ्या, कारण नॉर्मलची तयारी करून गेलेलीचंही ऐनवेळी सीझर होऊ शकतं. सीझरचा आडवा छेद जांघेच्या मधल्या हाडाच्या वर साधारण दोन बोटांवर असतो, म्हणजे केसांच्या वरच्या काठाशी. तिथले केस काढायला दोन खरी कारणं आहेत. एक, वरून चिकटपट्टी लावतात, ती केसांवर नीट बसत नाही आणि काढताना जीव जातो. दुसरं फारसं कुणी सांगत नाही: कातडी निर्जंतुक करायला स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन लावतात. ते उघड्या कातडीवर सुमारे तीन मिनिटांत सुकतं, पण दाट केसांत साचलं तर सुकायला तासभरही लागू शकतो. ओलं असताना रक्त थांबवायचं विजेचं यंत्र, कॉटरी, वापरलं तर पेट घ्यायचा धोका असतो. म्हणून छेदाच्या रेषेपुरती काही सेंटिमीटरची पट्टी काढणं रास्त आहे. पण ती क्लिपरनं काढायची, म्हणजे सर्जिकल ट्रिमरनं, ज्याचं पातं प्रत्येक पेशंटला नवं असतं आणि जो कातडीला न खरवडता केस मुळाजवळ कापतो. ऑपरेशनच्या अगदी आधी काढायची, आदल्या रात्री नाही. खालच्या केसांना तेव्हाही हात लावायचं कारण नसतं. ऑपरेशनआधी वस्तरा कधीच नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय.

ठरलेलं सीझर असेल आणि त्या जागी आधीच केसतोड किंवा पुरळ असेल, तर दाखल होतानाच सांगा. काही वेळा त्यासाठी तारीख दोन-चार दिवस पुढे ढकलावी लागते. टेबलावर झोपल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

डॉक्टर ओरडतील का? पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जा आणि एवढंच म्हणा: "मॅडम, क्रीमनं मला भाजलंय. नॉर्मल झालं तर शेव्हिंग नको. सीझर लागलं तर टाक्याच्या जागेपुरतं क्लिपरनं करा. फाइलवर लिहून देता का?" शेवटचं वाक्य विसरू नका. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर समोर डॉक्टर नसतात, ड्यूटीवरच्या सिस्टर किंवा मावशी असतात, आणि त्यांना जे शिकवलंय ते त्या करतात. फाइलवर दोन ओळी असल्या की वाद होत नाही. सोबत आई, बहीण जी कोण असेल तिलाही हे आधी सांगून ठेवा. कळांच्या भरात तुम्हाला बोलायचं सुचणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या बायकांसाठी: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रसूतिकक्षात सन्मानानं वागवणं आणि सोबत घरची बाई असणं याला जागा आहे. त्यामुळे 'मध्ये पडदा लावा, काय करताय ते नीट सांगा' असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

आणि समजा सगळं सांगूनही मावशी ब्लेड घेऊन आल्याच, तर निदान चार गोष्टींवर अडून बसा. पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं नवं ब्लेड. आधी साबणपाण्यानं ओली केलेली कातडी. केसांच्या दिशेनं फिरवणं, उलटं नाही. आणि छेदाच्या जागेपुरतंच. एकीवर वापरलेलं ब्लेड दुसरीवर नको हे वेगळं सांगायला नको. हेपेटायटिस बी आणि एचआयव्ही त्या वाटेनं जाऊ शकतात.

आता असं धरू, की दवाखान्यासाठी नाही, तुम्हाला स्वतःलाच केस बारीक हवेत. पुष्कळ जणींना हवे असतात. बाळंतपणानंतर महिना-दीड महिना अंगावरून जात राहतं, रक्त केसांत सुकून गुठळ्या होतात, पॅड काढताना ओढतं. हे कारण अगदी मान्य. मग काढू नका, छाटा.

ट्रिमरला तीन ते सहा मिलिमीटरचा गार्ड लावा. मिस्टरांचा दाढीचा ट्रिमर नको, वेगळा घ्या. वापरण्याआधी आणि नंतर पातं ब्रशनं झाडून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि सुकू द्या. केस कोरडे असताना करायचं, आंघोळीनंतर लगेच नाही. न्हाणीघरात तर मुळीच नको, ओल्या फरशीवर वाकून तोल गेला तर केसांपेक्षा मोठं प्रकरण होईल. पलंगावर जुनं वर्तमानपत्र अंथरा, पाठीला उशा लावून अर्धवट बसा आणि उजव्या कुशीखाली एक छोटी उशी सारा. उताणं सपाट झोपलं की पोटाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येतं आणि चक्कर येते. एका हातानं कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हातानं केसांच्या दिशेनं छोटे छोटे फटके. दोन-तीन मिनिटांनी पातं गरम होतं. मनगटाला लावून बघा आणि थांबा. फक्त वरचा उंचवटा आणि ओठांची बाहेरची बाजू. आतल्या घड्यांत ट्रिमर नको, कात्री नको, काहीच नको. या दिवसांत तिथं निळसर फुगलेल्या शिरा असू शकतात, एखादी कापली तर रक्त भसाभसा येतं. आलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही, आणि थेट दवाखाना. ट्रिमर नसेल तर गोल टोकाची कात्री आणि कंगवा: केस कंगव्यात उचलायचे आणि कंगव्याच्या वरचे कापायचे, म्हणजे कात्री कातडीला लागत नाही. अर्धा सेंटिमीटर राहू द्या. तुमची भाजलेली जागा पूर्ण बरी होईपर्यंत यातलं काहीच करायचं नाही. आणि पाणी गेल्यावर किंवा कळा सुरू झाल्यावर "तेवढं उरकून घेते" असं तर नकोच.

हे काम तुमच्या एकटीनं होणार नाही, दिसतच नाही तर करणार कसं? मिस्टर मदत करतो म्हणतायत ना, करू द्या. बाळंतपणाच्या खोलीत अनोळखी माणसं जे बघणार आहेत, ते त्यांनी आधी बघितलं तर बिघडत नाही. फक्त वरच्या सूचना त्यांना वाचायला द्या. दाढी करणाऱ्या पुरुषाला वाटतं आपल्याला येतंच, आणि तो सवयीनं ट्रिमर उलट्या दिशेनं चालवतो.

पार्लरच्या बाईला नाही म्हणा. एरवी वॅक्स करावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण नवव्या महिन्याच्या तोंडावर ते घाई करून ओढवून घेतलेलं दुखणं आहे. वाढलेल्या रक्तपुरवठ्यानं जास्त दुखतं, रक्त साकळतं, गरम वॅक्सनं भाजायची भीती वेगळीच. एकच काडी वॅक्सच्या डब्यात पुन्हा पुन्हा बुडवली तर आधीच्या गिऱ्हाइकाचे जंतू तुमच्याकडे येतात. आणि तुमची कातडी आधीच दुखावलेली आहे. गंमत बघा, जी चाल दवाखान्यांनी सोडायला घेतली तीच आता मोबाइल आणि पार्लरमधून परत येतेय. पूर्वी 'घाण' म्हणून काढायचे, आता 'क्लीन' दिसावं म्हणून. शब्द बदलला, बाईला वाटणारी लाज तीच. सिस्टर दिवसभरात सगळ्या प्रकारचं बघतात. त्यांचं लक्ष बाळाच्या डोक्याकडे असतं.

ज्या घरात ठरावीक दिवसांनी केस काढण्याची धार्मिक रीत आहे, त्या बायकांनी ती मोडावी असं आम्ही म्हणत नाही. शेवटच्या महिन्यात ब्लेडऐवजी ट्रिमरनं अगदी बारीक करणं रीतीत बसतं का, ते घरच्या जाणत्यांना विचारा.

बाळंतपणानंतरचं थोडं. आधी ब्लेड फिरवलेलं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खुंट टोचायला लागतात, नेमके टाके ताजे असताना, पॅड घासत असताना. छाटलेल्या केसांचं टोक बोथट असलं तरी लांबी असते, म्हणून ते वाकतात, टोचत नाहीत. पॅड चार तासांनी बदला, भरलं नसलं तरी. दर वेळी पुढून मागे धुवा आणि टिपा. बाळंतशोपा-ओव्याची धुरी आणि शेगडीचा शेक घेणार असाल तर पाठ, कंबर, पाय शेका. टाक्यांवर धूर आणि निखाऱ्याची धग घेऊ नका. तिथली कातडी काही दिवस बधिर असते, भाजलेलं कळत नाही. केसांना पुन्हा ट्रिमर लावायचा तर सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके भरलेत असं डॉक्टर म्हणाल्यावर.

केसतोड झालाच, तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेका. दाबून फोडू नका. लाली पसरत गेली, १००.४ च्या वर ताप गेला, किंवा टाक्यांतून पाणी-पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवा, सहा आठवड्यांची तारीख बघत बसू नका.